आमची वाटचाल : पाणी, लोणी आणि पापुद्रे

आमच्या पहिल्या मोठ्या ऑर्डरचे, चीज आणि फळं भरलेल्या छोट्या पफ पेस्ट्रीचे १२० नग ओव्हनमधून निघाले तेव्हा इतके देखणे दिसत होते की वहिनींनी नुसते फोटो काढण्यात दहा मिनिटं घालवली. वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, आणि या धंद्यातल्या निम्म्या भागीदार. पाहुण्यांना गरमागरम मिळावेत म्हणून आम्ही ते तसेच डब्यांत भरले, झाकणं घट्ट लावली आणि निघालो. पाऊण तासानं यजमानीणबाईंच्या स्वयंपाकघरात झाकण उघडलं, तर त्याच्या आतल्या बाजूनं थेंब गळत होते. पापुद्रे कुठच्या कुठे गेले होते, उरली होती ओल्या पुठ्ठ्यासारखी पारी. बाई भल्या होत्या, पैसे पूर्ण दिले. पुन्हा फोन मात्र कधी केला नाही.

चीज आणि फळं भरलेली पफ पेस्ट्री हा मुळात पाणी सांभाळण्याचा धंदा आहे, हे आम्हाला कळायला त्यानंतरही बराच काळ जावा लागला.

सुरुवात घरच्याच एका पार्टीतून झाली होती. पफ पेस्ट्रीची विकतची कच्ची पारी, तिचे सहा-सहा सेंटीमीटरचे चौकोन, प्रत्येकावर ब्री या मऊ चीजचा तुकडा, वर अंजिराच्या जॅमचं बोट, चारी कोपरे मध्ये आणून चिमटायचे आणि ओव्हनमध्ये सरकवायचं. याला कृती म्हणायलाही संकोच वाटतो. छोट्या मफिनच्या साच्यात चौकोन दाबून बसवले तर चिमटायचंही काम नाही. पण पाहुण्यांना वाटलं, हिनं दिवसभर खपून केलंय. चीजचा खारट-स्निग्धपणा आणि फळाचा आंबटगोडपणा एकाच घासात आला की पहिल्याच तुकड्याला माणूस थबकतो, आणि दुसरा उचलताना बाजूच्याला सांगतो. चौथ्या माणसानं ‘ऑर्डर घ्याल का’ विचारलं तेव्हा वहिनींनी माझ्याआधीच ‘हो’ म्हणून टाकलं.

मग ते ओले डबे. आता बघितलं तर कारण सरळ आहे. पफ पेस्ट्री फुगते ती यीस्टनं नाही, बेकिंग पावडरनंही नाही, निव्वळ वाफेनं. पिठात पाणी असतंच, लोण्यातही साधारण १६ टक्के असतं. पाण्याची वाफ झाली की तिचं आकारमान सुमारे १६०० पट होतं, आणि ती लोण्याच्या थरांमध्ये अडकून पारी वर उचलते. काम झाल्यावर ही वाफ बाहेर पडायला हवी. आम्ही तिला डब्यात कोंडली, ती परत पाणी होऊन पारीतच मुरली. तेव्हापासून नग जाळीवर पूर्ण निववायचे आणि पार्टीच्या जागी पाच-सात मिनिटं पुन्हा तापवायचे, असा नियम केला.

फळांनी त्याहून जास्त छळलं. ताजी फळं म्हणजे उत्तम दर्जा, अशी माझी भाबडी समजूत होती. स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, पेअरमध्ये आणि सफरचंदात ८५च्या आसपास. ओव्हनमध्ये ते सगळं तळाशी उतरतं. वरून सोनेरी, खालून कच्चं आणि लिबलिबीत. आम्ही तळाला ब्रेडचा चुरा घालून बघितला, कॉर्नफ्लोअर भुरभुरून बघितलं, थोडा फरक पडला. खरा फरक पडला तो फळ आधी आटवायला लागल्यावर. पेअरच्या फोडी थोडी साखर आणि लिंबू लावून तासभर ठेवायच्या, सुटलेला रस वेगळा आटवून घट्ट करायचा आणि मग दोन्ही एकत्र परतायचं. सुक्या अंजिरात आणि जर्दाळूत पाणी मुळातच कमी, त्यामुळे ती आमची आवडती झाली. जॅमसुद्धा पातळ चालत नाही. चमचा उलटा केला तरी ओघळू नये इतका घट्ट हवा. बाजारातले काही जॅम भट्टीत गेल्यावर पुन्हा पातळ होतात, म्हणून आता जॅम आमचा आम्हीच शिजवतो.

चीजचीही तीच गत. ब्री जवळजवळ निम्मं पाणी, क्रीम चीजमध्ये त्याहून थोडं जास्त, चेडरमध्ये चाळीस टक्क्यांच्या आत. ब्री वितळून पारीच्या फटीतून पळतं आणि ट्रेवर करपून बसतं. उपाय सापडला तो अपघातानं. एकदा कापलेले तुकडे चुकून डीप फ्रीजरमध्ये राहिले आणि दगड झाले. टाकून कसं द्यायचं, म्हणून तसेच भरले, आणि त्या दिवशी एकही नग फुटला नाही. बाहेरची पारी शिजून घट्ट होईपर्यंत आतलं चीज वितळायला लागतच नाही, हे त्यामागचं गणित. तेव्हापासून ८ ग्रॅमचे तुकडे, गोठवलेले. मुरड घालताना कडेला पाण्याचं बोट फिरवायचं आणि वर सुरीनं छोटी चीर द्यायची, वाफेला वाट म्हणून. ब्रीची पांढरी साल काढू नका. ती खाण्यायोग्य असते आणि आतल्या चीजला धरून ठेवते. फेटा आणि हलुमी ही चीज वितळून वाहत नाहीत, म्हणून नवशिक्यांनी फेटा आणि जर्दाळूपासून सुरुवात करावी असं मी सगळ्यांना सांगते, पण सगळ्यांना ब्रीच हवं असतं.

ऑर्डरी वाढल्या तशी विकतची पारी पुरेना, आणि खरं सांगायचं तर तिची चवही खटकायला लागली. बरीचशी तयार पारी मार्गारीनची, म्हणजे वनस्पती तेलापासून केलेल्या लोण्याच्या पर्यायाची असते. मार्गारीन उशिरा वितळतं म्हणून लाटायला सोपं, पण तेच तोंडात वितळत नाही आणि टाळूला मेणाचा थर बसतो. लोणी ३२ ते ३५ अंशांना विरघळतं, म्हणजे जिभेवर ठेवताच. वहिनी हिशेब बघतात, त्यांचा लोण्याला विरोध होता. मी दोन्हींचे दहा-दहा नग भाजून त्यांच्यापुढे ठेवले आणि काही न बोलता चहा करायला गेले. परत आले तर लोण्याचे तीन उरले होते.

हातानं थर काढायला शिकणं मात्र सोपं नव्हतं. पिठाच्या पोळीत लोण्याची वडी गुंडाळायची, लांब लाटायचं, पत्रासारखी तीन पदरी घडी घालायची, अर्धा तास थंडाव्यात विसावू द्यायची, पुन्हा लाटायचं. अशा सहा घड्यांत लोण्याचे ७२९ थर होतात. एवढ्या छोट्या नगांना तितके लागत नाहीत, आम्ही पाचव्या घडीला, २४३ थरांवर थांबतो. लोणी फार थंड असेल तर लाटताना फुटतं, फार मऊ असेल तर पिठात शिरतं आणि थर उरतच नाहीत. आमच्या पहिल्या उन्हाळ्यात तीन आठवडे आम्ही पहाटे चारला लाटत होतो, कारण नऊनंतर स्वयंपाकघरात लोणी टिकायचंच नाही. लाटण्याचं यंत्र, ज्याला शीटर म्हणतात, ते घेतलं तेव्हा माझ्या खांद्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आमच्याकडे मदतीला आता चार जणी आहेत. त्यांतल्या एक मावशी मुरड घालतात ती माझ्याहून चांगली, आणि हे त्यांना माहीत आहे.

मग धंद्याला वळण देणारी गोष्ट घडली. एका ऐन पार्टीच्या हंगामात एकाच संध्याकाळी चार घरी गरम नग पोचवणं अशक्य झालं. एका ग्राहक ताईंना मी म्हटलं, ‘कच्चे गोठवलेले देते, तुम्हीच भाजून घ्याल का?’ त्या जरा नाराजीनंच तयार झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला की पाहुणे आले तेव्हा घरभर लोण्याचा वास होता आणि सगळे थेट स्वयंपाकघरातच शिरले. आज आमचा बहुतेक माल असाच, कच्चा आणि उणे १८ अंशांवर गोठवलेला जातो.

त्यातही धडा मिळालाच. एका ग्राहकानं खोका सकाळपासून ओट्यावर उघडा ठेवला. संध्याकाळपर्यंत सगळे नग मऊ होऊन एकमेकांना चिकटले, लोणी बाहेर आलं. चूक आमच्या चिठ्ठीची होती. त्यावर लिहिलं होतं, ‘वापरण्यापूर्वी फ्रीजरमधून काढा’. किती पूर्वी, ते नव्हतंच! आता लिहितो : वितळू देऊ नका, फ्रीजरमधून थेट ट्रेवर ठेवा, ओव्हन २०० अंशांना वीस मिनिटं आधी तापवा, २० ते २२ मिनिटं भाजा, तळ उचलून बघा. तळाचा रंग वरच्याइतकाच सोनेरी हवा. घरगुती ओव्हनची तबकडी दाखवते एक आणि आत तापमान असतं भलतंच, म्हणून मिनिटांपेक्षा रंगावर विश्वास ठेवायला सांगतो. आणि ओव्हनमधून निघाल्यावर पाच मिनिटं थांबायला. आतलं चीज बाहेरून वाटतं त्याहून खूप गरम असतं.

ग्राहकांच्या प्रश्नांनीही आम्हाला घडवलं. शाकाहारी लोक विचारू लागले की चीज कशानं विरजलंय. चीजसाठी दूध ज्यानं घट्ट करतात ते पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून येतं, हे मला स्वतःलाच तेव्हा कळलं. आम्ही सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं चीज शोधलं आणि तसं खोक्यावर लिहायला लागलो. वरून अंड्याचा हात फिरवण्याऐवजी साय आणि दूध वापरतो. चमक थोडी कमी येते, वहिनींना ते अजूनही मान्य नाही. अक्रोड घातलेले नग वेगळ्या दिवशी करतो आणि त्यांचा खोकाही वेगळ्या रंगाचा असतो, यात तडजोड नाही.

‘किती मागवू?’ हा नेहमीचा प्रश्न. पुढे जेवण असेल तर माणशी चार पुरतात, नुसताच अल्पोपाहार असेल तर आठ ते दहा धरा, आणि निम्मे तरी साध्या चवीचे घ्या. ब्लू चीज-पेअर हा माझा सर्वांत लाडका प्रकार, पण तो ट्रेमध्ये सगळ्यात शेवटी संपतो, हे मान्य करायलाच हवं. एके काळी आम्ही चौदा प्रकार करत होतो. आता पाच करतो. ताज्या आंब्याचे करा म्हणून खूप आग्रह होतो, पण आटवल्यावर त्याचा ताजेपणा राहत नाही आणि न आटवता तळ राहत नाही. जमलं की नक्की करू.

गेल्या हंगामानंतर नवा मोठा ओव्हन घेतला. माहितीपत्रकं वाचून मी क्षमता, पंखा, वाफेची व्यवस्था असे मुद्दे काढून ठेवले होते. वहिनींनी एकच बघितलं, दाराला मोठी काच आणि आत दिवा आहे ना. कारण पहिल्या दिवसापासून आमचं भांडण एकच आहे : पारी ऐन फुगत असताना, दहाव्या मिनिटाला, त्यांना दार उघडून बघायचंच असतं, आणि उघडलं की ती बसते. आता त्या स्टुलावर बसून काचेतून बघतात. हात मात्र अजूनही मुठीवर असतो.