वेढा पडलेला असताना घेतलेलं शेत

चर्चच्या मंडळीत एक वाक्य सारखं कानावर पडतं, "विश्वास ठेव, सगळं ठीक होईल." बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं हे मला पक्कं माहितीय, पण ज्याच्या घरी हप्ते थकलेत किंवा ज्याला आयसीयूच्या बाहेर बाकावर रात्र काढावी लागतेय त्याला ते ऐकून अजूनच एकटं वाटतं, कारण मग तो स्वतःलाच विचारत बसतो की माझाच विश्वास कुठे कमी पडतोय का, म्हणून प्रभू ऐकत नाहीये का. असं अजिबात नसतं हो. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून बघा, स्तोत्र १३ ची सुरुवातच "कोठवर" या प्रश्नाने होते, आणि ८८ वं तर वाचवत नाही, त्यात शेवटपर्यंत उजेडच येत नाही, अंधारातच संपतं ते. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. आणि खुद्द आपल्या प्रभूने वधस्तंभावर स्तोत्र २२ मधलाच आकांत केला, माझ्या देवा, माझा त्याग का केलास. देवाकडे रडून तक्रार करणारा माणूस देवाशी बोलत असतो, त्याने पाठ फिरवलेली नसते. मला तर ही भक्कम प्रार्थना वाटते.

हे मी का लिहितेय तर आमच्या गोव्यातल्या कुडचडे-सावर्डे भागात गेल्या काही वर्षांत ज्या घरांनी हे सोसलंय त्यात आमचंही घर आहे. माझं माहेर मिरजेचं, लग्न होऊन इकडे आले तेव्हा रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची रांग संपायची नाही. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मधे थोड्या सुरू झाल्या, आणि सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये परत सगळं ठप्प झालं. बाहेरच्या लोकांना खाण म्हणजे फक्त मोठी कंपनी वाटते पण तिच्यावर ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेज, टायरची दुकानं, ड्रायव्हर लोकांना जेवण देणाऱ्या खानावळी असं सगळं गाव उभं होतं. डोंगर किती पोखरले, पाण्याचं काय झालं हे प्रश्नही खरेच आहेत, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण दारात टिप्पर उभा, त्याच्यावर बँकेचं कर्ज, आणि नवरा सकाळी उठून सवयीने चावी हातात घेतो आणि परत खिळ्याला लावतो, हे रोज बघताना प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत.

त्या काळात मी बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३२ वा अध्याय पहिल्यांदा नीट वाचला आणि तो मला सोडेचना. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याने वेढा घातलाय, शहर पडणार हे यिर्मया स्वतःच सगळ्यांना सांगत होता म्हणून तर राजाने त्याला पहाऱ्याच्या चौकात कोंडून ठेवलेलं, आणि अशा वेळी त्याचा चुलतभाऊ येऊन म्हणतो की अनाथोथमधलं माझं शेत विकत घे. ज्या जमिनीवर शत्रूचा ताबा आहे ती जमीन! आणि देव सांगतो, घे. मग यिर्मया १७ शेकेल (तेव्हाचं वजन) चांदी तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखतावर मोहोर करतो आणि ती कागदपत्रं मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो म्हणजे ती खूप दिवस टिकतील. मला यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं तर त्याला हे कळत नव्हतं. व्यवहार पूर्ण झाल्यावर तो देवाला म्हणतोच की शहर तर शत्रूच्या हाती चाललंय आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस. म्हणजे मनात प्रश्न तसाच होता, पण हाताने सही केली होती. यिर्मयाला ते शेत कसायला मिळालं नाही, पुढे लोक त्याला जबरदस्तीने मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, घेऊन गेले. पण बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्या लोकांची यादी बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे, नावं आणि आकडे, एरवी आपण ती पानं भराभर उलटतो. तिथे लिहिलंय, अनाथोथचे लोक १२८. मी ते वाचून रडले.

आपल्या गोव्याच्या संत जुझे वाझचं पण असंच आहे. बाणावलीचा हा पाद्री १६८७ मध्ये सिलोनला, म्हणजे आताच्या श्रीलंकेत, गेला, तिथे डचांनी कॅथलिक पाद्रींवर बंदी घातलेली, मग कँडीला पोचला तर पोर्तुगीजांचा हेर समजून राजाने तुरुंगात टाकलं. तर त्याने तिथे बसून सिंहली भाषा शिकून घेतली. ज्या लोकांपर्यंत पोचायची वाटच बंद झाली होती त्यांची भाषा! २०१५ मध्ये पोप फ्रान्सिसनी कोलंबोत त्याला संत घोषित केलं तेव्हा इकडे केवढा आनंद होता. आम्ही प्रोटेस्टंट, संतांकडे प्रार्थना करत नाही, पण हे वाचून मला बळ येतं.

आमच्या सासूबाईंनी यिर्मयाचं नाव न घेता तेच केलं. खाणी बंद पडल्या त्याच पावसात त्यांनी परसात माडाची रोपं लावली. माडाला नारळ धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात, उद्याचं तांदूळ कुठून आणायचं हा प्रश्न असताना हे कशाला असं घरात सगळ्यांना वाटत होतं, पण त्या रोज पाणी घालायच्या, पानं बघायच्या, प्रार्थना पुटपुटायच्या.

तरीही असे दिवस येतात की शेत घ्यायला, रोप लावायला, काहीच करायला अंगात त्राण नसतं. त्या दिवसांसाठी मार्कच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती लक्षात ठेवा. तो स्वतः एक शब्द बोलत नाही. चौघं त्याला उचलून आणतात, छप्पर उघडून खाली सोडतात, आणि लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा! मला प्रार्थना जमत नव्हती तेव्हा माझ्यासाठी आमच्या बुधवारच्या मराठी प्रार्थनेतल्या बायका करत होत्या, आणि शेजारची कॅथलिक आंटी तिच्या घरच्या लादाइनीत, म्हणजे घरी जमून म्हणायच्या प्रार्थनेत, आमचं नाव घ्यायची, वर पेज आणि लोणचं घेऊन यायची, "देव आसा मगो बाय" (देव आहे गं बाई) एवढंच म्हणायची आणि भांडी घासायला लागायची. बायबलच्या वचनांचा मारा तिने कधी केला नाही. कुणाच्या घरी संकट असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी तांदूळ, औषध, दवाखान्यात सोबत बसणं, आणि वचन त्यांनी विचारलं तर.

आणि तुम्ही स्वतः त्यातून जात असाल तर एका तरी माणसाला सांगा, पाळकांना, बहिणीला, शेजारणीला, कुणालाही. मला कळवलंत तरी चालेल, बुधवारी आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करू, काय झालंय हे सगळं सांगायची गरज नाही, नुसतं नाव पुरे.