‘मशीन हेड’चा शनिवार

दरवर्षी ४ डिसेंबरच्या आसपासचा शनिवार आमचं मंडळ पुण्यात ‘मशीन हेड’साठी राखून ठेवतं. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडची ही एलपी बाजारात आली १९७२च्या मार्चमध्ये, पण मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा असतात आणि हॉल मिळत नाही. शिवाय ४ डिसेंबर १९७१ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कसिनो जळला नसता, तर ही एलपी अशी झालीच नसती, असं आमच्यातल्या जुन्यांचं ठाम मत आहे.

स्वागत, प्रास्ताविक, हिशेब, श्रद्धांजली (२०१२पासून तिच्यात बँडच्या ऑर्गनवादक जॉन लॉर्डचंही नाव घेतलं जातं) हे सगळं झटपट उरकतं. मग सर फळ्यापाशी जातात. सर भूगोलाचे, निवृत्त. आधी जिनिव्हाचं तळं काढतात, मग काठावर तीन फुल्या मारतात: कसिनो, पॅव्हिलियन, ग्रँड हॉटेल. पर्पलवाले त्या कसिनोतच रेकॉर्डिंग करायला आले होते. आदल्या कार्यक्रमात अमेरिकन रॉकवाला फ्रँक झॅपा वाजवत असताना कुणीतरी फ्लेअर गन उडवली आणि छताने पेट घेतला. माँत्रोचा जॅझ महोत्सव भरवणारा क्लोद नोब्ज आत धावून पोरांना बाहेर काढत होता, ते सांगताना सरांचा आवाज दरवर्षी त्याच वाक्याला बसतो. आम्हाला ते वाक्य पाठ आहे, तरी हॉलमध्ये चमचा वाजत नाही.

दुसऱ्या फुलीला जरा हशा होतो. पॅव्हिलियनमध्ये एका रात्री वाजवायला सुरुवात केली, तर आवाजाने शेजाऱ्यांची झोप उडाली आणि पोलीस दारात. गणपतीत स्पीकर लावलेल्या कुठल्याही माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. मात्र पोलीस आत यायच्या आधी एक ट्रॅक पदरात पडला होता, ‘स्मोक ऑन द वॉटर’च्या पुढे जगभर गाजलेल्या रिफचा, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्याचा. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल मिळालं. बोळात गाद्या उभ्या करून आवाज अडवला आणि बाहेर उभ्या असलेल्या रोलिंग स्टोन्स या बँडच्या रेकॉर्डिंगच्या ट्रकमध्ये ध्वनिमुद्रक मार्टिन बर्चने सगळं टिपलं. ट्रकपर्यंत जायचं म्हणजे खोल्या आणि गच्च्या ओलांडत जायचं. त्याचा इतका कंटाळा आला की वाजवलेलं ऐकायला जाणंच त्यांनी सोडून दिलं. ‘पहिल्या झटक्याचा जोर तिथून आला,’ हे सरांचं अनुमान. मला पटतं.

मग रेकॉर्ड लागते. पहिली बाजू ‘हायवे स्टार’पासून ‘नेव्हर बिफोर’पर्यंत कुणी बोलायचं नाही, हा नियम. बाजू बदलताना गिटारच्या क्लासची मुलं येऊन ती प्रसिद्ध रिफ वाजवतात. बहुतेक जण एका तारेवर. बँडचा गिटारवाला ब्लॅकमोर दोन तारा एकदम बोटांनी छेडतो, नखी वापरत नाही, हे आमचे बँकेतले दादा प्रत्येकाजवळ बसून दाखवतात.

आता थोडी तक्रार. दुसरी बाजू ‘स्मोक ऑन द वॉटर’ने सुरू होते, आणि ते गाणं संपलं की मागच्या तीन रांगा रिकाम्या होतात. वडे आधीच झालेले असतात. कुणाला लग्नाला जायचं असतं, कुणाला पुढच्या आठवड्यातल्या सवाईसाठी झोप साठवायची असते! हीच मंडळी १९९५ साली डीप पर्पल मुंबईत आले होते तेव्हाच्या गप्पा मारताना छाती फुगवतात, वर ‘ब्लॅकमोर नव्हता हो, स्टीव्ह मॉर्स होता’ असं हळहळतात. जाऊ दे.

जे जातात त्यांचं काय हुकतं सांगतो. रेकॉर्ड संपल्यावर पेटीवाले काका ‘लेझी’ वाजवतात. काका भजनी मंडळाचे, रॉकशी संबंध शून्य. एका वर्षी कुणीतरी त्यांना ऐकायला बसवलं. एवढं लांब गाणं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, ‘पांढरी चार. परत लावा.’ (पांढरी चार म्हणजे गाण्याची पट्टी.) पुढच्या वर्षी पेटी घेऊनच आले. जॉन लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन मार्शलच्या अॅम्पमधून काढायचा, म्हणून तो असा गुरगुरतो. काकांच्या पेटीला गुरगुर कुठून येणार? ते भाता जास्त दाबून दोन शेजारचे सूर एकत्र धरतात आणि सोडताना घासून सोडतात. डावा हात भात्यात अडकलेला, म्हणजे लॉर्डच्या दोन हातांचं काम उजव्या हाताच्या पाच बोटांवर. खालची बाजू त्यांची नात दुसऱ्या पेटीवर सांभाळते. बँडचा गायक गिलन, त्याच्या माउथ ऑर्गनची जागा आली की काका मान वर करतात, आणि पहिल्या रांगेतले डॉक्टर शिट्टीवर ती जागा भरतात. बेसूर. तरी माझ्या डोळ्यांत पाणी येतंच.

आभार आमच्याकडे नेहमी घाईत होतात, म्हणून इथे नीट मांडतो. टर्नटेबल आणि स्वतःची सुई आणणारे दादा. एलपी देणारे रेल्वेतले काका (दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत, तेच बरोबर आहे). हॉलची किल्ली ठेवणारे मामा. वडे तळणाऱ्या दोघी वहिनी आणि चटणी करणाऱ्या मावशी. खुर्च्या लावणारी आणि, मुख्य म्हणजे, परत रचणारी कॉलेजची पोरं. फळा देणारी शाळा. वीज गेली त्या वर्षी जनरेटर पाठवणारे मांडववाले. आणि मामांचा मुलगा, जो सगळ्यांच्या गाड्या बाहेर काढून देतो. सतरंज्या कुणाच्या होत्या ते अजून कळलं नाही. ज्यांच्या असतील त्यांनी घेऊन जाव्यात.

यंदा एक वाद मिटला. ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’ याच सत्रातलं गाणं, पण एलपीत घेतलं नाही, ‘नेव्हर बिफोर’च्या मागे सिंगलवर गेलं. ते कार्यक्रमात घ्यावं की नाही, यावर दोन तट होते. ठरलं असं की घ्यायचं, पण काकांची पेटी झाल्यावर. म्हणजे ज्यांना ते ऐकायचंय, त्यांना शेवटपर्यंत बसावं लागेल.