लोखंडी दूध

रविवारची दुपार. बांगड्याचं कालवण अंगावर आलेलं, खिडकीबाहेर नव्या टॉवरची क्रेन कुरकुरतेय आणि मी सोफ्यावर आडवी. डोळा लागणार एवढ्यात भाच्याने टीव्हीवर ‘आयर्न मॅन २’ लावला. सिनेमा २०१० चा, म्हणजे भाच्यापेक्षा वयाने मोठा. पण त्याला तो तोंडपाठ आहे, तोही हिंदीत.

मी अर्ध्या डोळ्याने बघत होते. तो चिलखतवाला शर्ट काढून आरशासमोर उभा. छातीत मधोमध तो चकाकणारा गोल दिवा, आणि दिव्याभोवती काळपट रेघा पसरलेल्या. पावसाळ्यात आमच्या चाळीच्या भिंतीवर ओल चढायची ना, तश्शा.

“ह्याला काय झालं रे?”

“विष, आत्या. त्या रिॲक्टरमध्ये पॅलेडियम असतं. ते रक्तात उतरतं.”

“मग काढून टाकायचा ना तो दिवा.”

“काढला तर मरेल. हृदयाजवळ बॉम्बचे बारीक तुकडे आहेत, ते त्याच्यामुळेच थांबलेत.”

“आणि नाही काढला तर?”

“तरी मरेल. पण हळूहळू. सूट घालून उडाला की जरा लवकर.” हे त्याने चिप्स खात, बसचा रूट सांगावा तसं सांगितलं.

आता इथे कर्णाची कवचकुंडलं यायला हवीत. ललित लेख मराठी असला की कर्ण दारातच उभा असतो. पण त्याचं चिलखत काढून घेतलं म्हणून तो मेला, हा चिलखत घालून मरतोय. हिशेब उलटा आहे, तेव्हा कर्णाला आज दारातूनच नमस्कार. शिवाय पॅलेडियम ही काही कालकूट जातीची वस्तू नाही. पांढऱ्या सोन्यात मिसळतात ते, लोक बोटात घालून मिरवतात. पण सिनेमात विष म्हटलं की विष.

मग त्या गड्याने बोटाला सुई टोचली, यंत्रात रक्त किती टक्के बिघडलंय ते बघितलं आणि बाटलीतलं हिरवंगार काहीतरी प्यायला. भाचा म्हणाला क्लोरोफिल. रोज दोन लिटरच्या वर प्यावं लागतं. मला शिवाजी पार्क आठवलं. सकाळी सहाला तिथे कट्ट्याच्या कडेला कारल्याचे, दुधीचे, गव्हांकुराचे रस घेऊन विकणारे बसतात, आणि कॅनव्हासचे बूट घातलेले आजोबा डोळे मिटून अगदी याच चेहऱ्याने ते रिचवतात. फक्त त्यांच्या छातीत दिवा नसतो. काहींच्या असतोही, पेसमेकर.

पण माझी झोप उडाली ती त्या पिण्याने. विषावर उतारा म्हणून रोज काहीतरी प्यायचं, हे मी घरात बघितलेलं होतं. फक्त आमच्याकडे ते पांढरं होतं.

अप्पा वेल्डर. रे रोडच्या दारूखाना भागात एका शेडवर कामाला. ग्रिल, टाक्या, जिने, कधी बोटीचं काम. त्यांचंही चिलखत होतं: कोपरापर्यंतचे चामड्याचे हातमोजे, पुढे चामड्याचा एप्रन आणि हातात धरायचा तो काळ्या काचेचा मुखवटा. लहानपणी मला वाटायचं, अप्पा कामावर लढाईलाच जातात. अंगावरच्या बनियनला ठिणग्यांची इतकी बारीक भोकं की आई म्हणायची, यातून रवा चाळून घेता येईल.

काळी काच त्यांनी धरली तर धरली. टॅक मारताना, म्हणजे पत्रा जागेवर धरून ठेवायला ठिपक्याएवढा टाका घालताना, एका हातात होल्डर, दुसऱ्या हाताने पत्रा दाबलेला, मग काच धरायची कुणी? डोळे मिटून मारायचे. त्याची वसुली रात्री व्हायची. वेल्डिंगचा उजेड डोळ्याला लागला की लगेच काही होत नाही. संध्याकाळी माणूस धडधाकट घरी येतो, जेवतो, आणि रात्री एक-दोनच्या सुमाराला डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखा उठून बसतो. अप्पा ओरडायचे नाहीत. अंधारात फक्त “अगं, बटाटा” एवढंच ऐकू यायचं. आई विळी घेऊन बसायची, कच्च्या बटाट्याच्या चकत्या पाडायची, त्यांच्या मिटल्या पापण्यांवर ठेवून वरून ओला रुमाल बांधायची. मी पांघरुणाच्या फटीतून बघायचे. दिवा लावायचा नाही, उजेड सोसत नसे. त्यामुळे हा सगळा कार्यक्रम गॅलरीतल्या चाळीस वॉटच्या बल्बचा जो काही उजेड झडपेतून येईल तेवढ्यात. मधूनच अप्पा चकती बदलायला सांगत, कारण ती गरम झालेली असे. सकाळी डोळे लाल, डब्यात बटाट्याची भाजी, आणि आम्हा भावंडांना ती खाताना एकच शंका. आईला विचारायची हिंमत कुणाची नव्हती.

दुसरी भानगड सोमवारची. जी.आय. पाइपचं काम निघालं की सोमवारी संध्याकाळी अप्पांना थंडी वाजून ताप यायचा, तोंडाला गोडसर धातूची चव. मंगळवारी खडखडीत बरे. आईने निदान केलं: रविवारचं मटण बाधतं. झालं, मटण बंद. माझ्या बालपणीचे कितीतरी रविवार त्या निदानापायी वरणभातावर गेले, आणि ताप आपला सोमवारी येतोच आहे. खरी गोष्ट मला पुष्कळ पुढे कळली. पाइपवर जस्ताचा मुलामा असतो. लोखंड वितळायला दीड हजार अंश लागतात. जस्त ९०७ अंशांनाच उकळतं, त्याचा पांढरा धूर होतो आणि तो छातीत गेला की ताप. रोज धूर घेतला की अंग त्याला सरावतं. रविवारी सुट्टी मिळाली की ती सवय मोडते आणि सोमवारी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे बाधत होतं ते मटण नव्हे, सुट्टी. आमच्या मजल्यावरचे गिरणीतले काका कापसाच्या तुसाने सोमवारीच छाती धरून बसत, तेही याच न्यायाने. सगळी चाळ मात्र रविवारच्या जेवणाला शिव्या देत होती.

या सगळ्यावर उतारा म्हणजे दूध. वेल्डरने दूध प्यावं, धुराचं विष निघून जातं, ही श्रद्धा. गूळ खावा, हीसुद्धा. शेडवर शेठ प्रत्येक वेल्डरमागे रोज अर्धा लिटर दूध द्यायचा. अप्पा ते प्यायचे नाहीत. कडीच्या डब्यात भरून घरी आणायचे. आम्ही तिघं भावंडं, आरेच्या केंद्रावर कार्डावर मिळणाऱ्या बाटलीत सगळ्यांचं भागत नसे. डब्याच्या झाकणाला जळलेल्या रॉडचा वास असायचा, दूध तापवलं तरी तो जायचा नाही. आम्ही त्याला लोखंडी दूध म्हणायचो. धाकटा तर दंड फुगवून दाखवायचा. अप्पा बघायचे आणि खोकायचे.

काळ्या काचेचा सगळ्यात चांगला उपयोग आमच्या घरात एकदाच झाला. १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण. आपल्याकडे खंडग्रास होतं, पण दुपारी लालबागचा रस्ता कर्फ्यू लागल्यासारखा रिकामा. आजीने पाण्यात तुळशीपत्रं टाकून दारं लावून घेतली होती. अप्पा मुखवट्याची काच काढून गॅलरीत उभे राहिले आणि चाळीतली पोरं एकेक करून दाराच्या फटीतून निसटून त्यांच्यासमोर रांगेला लागली. प्रत्येकाला दहा आकडे मोजेपर्यंत. माझा नंबर आला तेव्हा काचेतून दिसला तो हिरवा सूर्य, कुणीतरी चोखून अर्धी केलेली लिमलेटची गोळी असावी तसा. मी दहानंतर पुन्हा एकपासून मोजायला लागले तर अप्पांनी टपली मारली. बाकीची पोरं म्हणाली, तुझे बाबा कसले भारी आहेत गं. त्या एका दुपारी ते खरोखरच होते.

अप्पा २००४ साली गेले. दोन वर्षं धाप, मग ऑक्सिजन. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, बिडी किती ओढायचे? एकही नाही, म्हटलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने वेल्डिंगचा धूर तंबाखूच्या आणि ॲस्बेस्टॉसच्या पंक्तीला नेऊन बसवला तो २०१७ मध्ये. अप्पांना काय झालं होतं ते कागदावर धड कधी आलंच नाही, त्यामुळे त्या पंक्तीचं मला पुढे काही करता येत नाही. त्यांनी बोट टोचून टक्के बघितले नव्हते.

मला वर्षानुवर्षं एकच गोष्ट खात होती: त्यांचा उतारा आम्ही प्यायलो. शेवटी एका डॉक्टर मैत्रिणीला विचारलं. ती हसली. “अगं, दूध जातं पोटात, धूर जातो फुप्फुसात. त्यांची भेट होणार कुठे? प्यायले असते तरी काही फरक पडला नसता.”

बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पण त्यांना कुठे माहीत होतं, भेट होत नाही म्हणून?

टीव्हीवर तोवर गड्याने घरातच नवं मूलद्रव्य तयार करून छातीत बसवलं होतं. रेघा गायब. भाचा जांभई देत म्हणाला, आता फक्त मारामारी आहे.

मी उठले, कपाटातल्या पत्र्याच्या डब्यातून काच काढून त्याला दिली. कडेला टवका उडालेला. त्याने ट्यूबलाइटकडे धरून बघितलं.

“काहीच दिसत नाही, आत्या.”

“सूर्याकडे धर.”

खिडकीशी गेला, दोन मिनिटं मान वाकडी करून उभा राहिला आणि परत आला. सूर्य टॉवरमागे गेला होता. उद्या बघतो म्हणाला, मग त्यालाच आठवलं, उद्या सोमवार.