आज ऑफिसात दिवसभर एआय कायदा
बर्लिनला आमची टीम छोटी, सहा जण. आमचं सॉफ्टवेअर नोकरीचे अर्ज चाळतं, म्हणजे युरोपच्या एआय कायद्यात थेट हाय रिस्क, जास्त धोक्याच्या गटात. मग डेटा कुठला, त्यात कुणावर अन्याय होतोय का, लॉग म्हणजे सिस्टीमने काय केलं त्याच्या नोंदी ठेवल्यात का, शेवटी माणूस निर्णय बदलू शकतो का, सगळं लिहून द्यायचं. सकाळी मी खरंच वैतागले होते, मोठ्या कंपन्यांकडे वकिलांची फौज असते हो, आम्ही कोड लिहायचा की कागद?

पण दुपारी जुना डेटा तपासायला बसलो तर मूल झाल्यावर दोन-तीन वर्षं घरी राहिलेल्या बायकांना आमचं मॉडेल सरळ खाली ढकलत होतं आणि हे आम्हाला इतके महिने दिसलंच नव्हतं. पोटात गोळा आला. माझ्या ताईचाही असाच गॅप आहे.

याच कायद्याने कामाच्या जागी कॅमेऱ्यातून भावना ओळखण्यावर फेब्रुवारी 2025 पासून बंदी आहे, अपवाद फक्त वैद्यकीय किंवा सुरक्षेच्या कारणाचा, ते मला पूर्ण पटतं. बंदी मोडली तर दंड 3.5 कोटी युरोपर्यंत किंवा जगभरच्या उलाढालीच्या 7 टक्क्यांपर्यंत, लहान कंपन्यांना यातली कमी रक्कम. तरी आमच्यासारख्यांना सरकारी सँडबॉक्समध्ये, म्हणजे देखरेखीखाली नवं सॉफ्टवेअर तपासून बघायच्या सोयीत, लवकर जागा मिळायला हवी. उद्या मॉडेल परत ट्रेन करतोय.