उरफाटी

स्कूटरची बॅटरी बदलायला मेस्त, म्हणजे मेकॅनिक, कशाला हवा? दोन वायरी, दोन स्क्रू. आषाढातल्या एका गुरुवारी संध्याकाळी मी हे घरात बोललोसुद्धा. मी शाळेत गणित शिकवतो. अधिक आणि उणे यांतला फरक मला कोणी सांगायला नको.

जुनी बॅटरी पाऊस लागल्यापासून कण्हत होती. सेल्फ दाबला की नुसतं 'टक्'. नवी आणली ती त्याच मापाची, 12 व्होल्टची. फरक इतकाच की जुनीचा अधिक डावीकडे होता आणि नवीचा उजवीकडे. ते चिन्ह डब्यावर ठळक कोरलेलं होतं, पण मी हातांच्या सवयीवर गेलो. लाल वायर पाहून तरी चूक कळायला हवी होती. पण आमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेनं तिच्या टोकाला हिरवट खार चढला होता, आणि वर कोणीतरी काळी टेप गुंडाळलेली. दोन्ही वायरी सारख्याच काळ्या. डावीकडची डावीकडे, उजवीकडची उजवीकडे.

दुसरी वायर टेकवली आणि फट्कन निळी ठिणगी. मागोमाग जळक्या प्लास्टिकचा किंचित वास. चूक तिथंच कळली, वायरी लगेच अदलाबदल केल्या आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं चावी फिरवली. हॉर्न मुका, इंडिकेटर आंधळे, सेल्फचा आता 'टक्'ही नाही. गंमत म्हणजे किक मारली तर इंजिन सुरू! जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी. तिची ठिणगी थेट मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रावर चालते, बॅटरीशी तिचं काही देणंघेणं नाही. 2020मध्ये धुराचे बीएस-6 नियम आले आणि त्यानंतरच्या इंजेक्शनवाल्या गाड्या असा स्वाभिमान दाखवत नाहीत. भाच्याची गाडी बॅटरी गेली की दगड.

फ्यूज उडालाय एवढं मला समजत होतं. डब्यात एक जादा फ्यूज असतो, तो लावला. चावी फिरवायच्या आधीच तोही गेला. मग शेजाऱ्यानं सुचवलं, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून लाव. मी लावणारही होतो. बायको म्हणाली, "अहो, राहू दे आता." ती शुक्रवारी सकाळी कदंबा बस धरून एकटीच म्हापशाच्या बाजाराला गेली, आणि मी किक मारून मेस्ताकडे.

मेस्तानं सीट उचलली, वाकून वास घेतला आणि वर न बघता विचारलं, "मास्तर, उरफाटी लायली कितें?"

मी हो म्हणालो. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता.

मग त्यानं जे केलं ते बघत राहण्यासारखं होतं. आधी उणेची वायर सुटी केली. गाडीचा सगळा सांगाडाच उणेला जोडलेला, त्यामुळे अधिकची वायर आधी सोडताना पाना चुकून सांगाड्याला टेकला तर पुन्हा ठिणगी. मग नवा फ्यूज न लावता दोन वायरींचा साधा बल्ब फ्यूजच्या जागी अडकवला. उणे परत जोडली आणि चावी बंद असताना बल्ब भक्कन पेटला. म्हणजे आत कुठंतरी करंट सरळ गळतोय. तो एकेक कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सोडत गेला. रेक्टिफायरचा सोडला आणि बल्ब विझला.

रेक्टिफायरच्या पोटात डायोड असतात, म्हणजे पणजीच्या 18 जून रस्त्यासारखी एकेरी वाहतूक. मॅग्नेटोकडून बॅटरीकडे जायचं, परत फिरायचं नाही. मी बॅटरी उलटी लावली तेव्हा तिचा सगळा जमाव एकेरी रस्त्याच्या बरोबर तोंडाशी उभा राहिला आणि आत घुसला. फ्यूज जळेपर्यंत जो क्षण गेला तेवढ्यात रेक्टिफायर भाजला. गाडीतल्या साध्या बल्बला उलटसुलट कळत नाही, म्हणून तो वाचला. चांदीच्या कागदाचं सांगितल्यावर मेस्त पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "मग वायरिंगच जळलं असतं सगळं."

नवा रेक्टिफायर बसला, 10 अँपिअरचा फ्यूज लागला. हॉर्न वाजला तेव्हा पलीकडच्या टपरीवरचे दोघे दचकले. मेस्तानं बॅटरीला मीटर लावून रेस दिली. काटा 14च्या जरा पुढं थांबला. चार्जिंग ठीक.

शेवटी त्यानं वायरींवरून बोट फिरवलं आणि कपाळाला आठी घातली. "ही काळी टेप कोणी लावली अधिकाला? लाल वायरला कोण काळी लावतो?"

"तूच," मी म्हणालो. "गेल्या मिरगात."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग उठून पत्र्याच्या डब्यात लाल टेप शोधत बसला. लाल नव्हती. पिवळी लावली.