करारा: साखरेचा दगड बघायला जाताना

इटलीत पिसाहून ट्रेनने करारा-अवेंझाला उतरलो. समोरच्या डोंगरांवर भर उन्हात पांढरं काहीतरी ओघळलेलं. बायको म्हणाली, बर्फ! तो निघाला संगमरवराचा राडारोडा. शतकानुशतकं खाणींतून उतारावर लोटलेला. तिथे त्याला रावानेती म्हणतात.

मला बघायचा होता तो ताजा फोडलेला दगड, कारण पॉलिश केलेल्या फरशीत त्याचा पोत नीट कळत नाही. फान्तिस्क्रित्तीच्या चालू खाणीत गाइडशिवाय सोडत नाहीत, तेव्हा जीपची सफर आधीच ठरवून ठेवा. गाइडने मुठीएवढा तुकडा दिला. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं आणि थेट साखरेच्या डब्यात डोकावल्यासारखं वाटलं. बारीक, दाणेदार, दाण्याला दाणा घट्ट बसलेला. तुकडा उन्हात हळूहळू फिरवा: एक दाणा चमकून विझतो, लगेच शेजारचा चमकतो. प्रत्येक दाणा म्हणजे कॅल्साइट या खनिजाचा स्वतंत्र स्फटिक, आणि प्रत्येकाचा सपाट पैलू वेगळ्या दिशेला.

मूळची ही ज्युरासिक काळातल्या समुद्रातली चुनखडी. डोंगर घडताना ती खोल गाडली गेली, तापली, पण वितळली नाही. घनरूपातच तिचे जुने कण जिरून जवळपास एकाच मापाचे नवे स्फटिक वाढले. त्यात शिंपल्यांच्या खुणाही पुसल्या गेल्या. त्या शोधण्यात मी अर्धा तास घालवला, तुम्ही घालवू नका.

अशा पोताला गाइड ‘साक्कारोइदे’ म्हणाला, म्हणजे साखरेसारखा. मी उडालोच. त्या शब्दाच्या मुळाशी आपली शर्करा आहे, आणि संस्कृतात शर्करा म्हणजे आधी खडे, रेती, साखर नंतरची. खड्यांवरून साखरेकडे गेलेला शब्द फिरून दगडालाच चिकटला! हे त्याला मोडक्या इंग्रजीत समजावत होतो, तेवढ्यात मागच्या जीपवाल्याने हॉर्न वाजवला.

काळा गॉगल न्याच, पांढऱ्या भिंतींवरून ऊन डोळ्यांत घुसतं. डोंगराच्या पोटातल्या खाणीत मात्र गारठा असतो; जाकीट हवं. बूट जुने घाला, वाटेवर पांढरी फक्की असते आणि पावसात तिचा चिखल होतो. भिंग विसरलात तर अर्धी मजा गेली. क्वार्टझाइट नावाचा दुसरा दगडही कधी कधी असाच साखरेसारखा दिसतो, पण त्यावर चाकूच्या पात्याने ओरखडा उठत नाही. संगमरवरावर सहज उठतो. हा प्रयोग हातातल्या तुकड्यावर करा, भिंतीवर नको. तुकडाही गाइडला विचारूनच घ्या.

उघड्यावरचे जुने संगमरवरी पुतळे दिसले तर जवळून बघा, बोटाने चोळू नका. कॅल्साइट तापला की एका दिशेने फुगतो आणि आडव्या दिशेने किंचित आक्रसतो. उन्हाथंडीत हे वर्षानुवर्षं चाललं की दाण्यांची पकड सुटते आणि दगड खरंच साखरेसारखा भुरभुरतो. हेलसिंकीच्या फिनलँडिया हॉलला लावलेल्या करारातल्या पातळ फरश्या तर अशाच वाकल्या, बदलाव्या लागल्या. त्यांच्या जागी पुन्हा करारातल्याच बसवल्या!