असोसिएट झालं होतं की, मग परत बॅचलर्स कशाला?

गणपतीत मंडळात कुणीतरी विचारतंच, "काय गं, झालं का शिक्षण?" आणि मी क्रिमिनल जस्टिस, म्हणजे गुन्हे, पोलीस, कोर्ट यांचा अभ्यास, म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे वकील होणार?" नाही. "मग पोलीस?" नाही हो, या वयात कुठे. "मग?" इथे मी खिरापतीचा डबा पुढे करते आणि विषय बदलते. आणि ज्यांना माझी आधीची दोन वर्षांची असोसिएट डिग्री माहीत आहे ते विचारतात, ती झाली होती की, मग परत चार वर्षांची बॅचलर्स कशाला. पण यंदा मे महिन्यात बॅचलर्सची डिग्री एकदाची हातात आली, वय ४४, त्यामुळे आता नीट एकदा लिहूनच टाकते, म्हणजे लिंक पाठवता येईल.

सुरुवात ज्युरी ड्युटीपासून झाली, म्हणजे खटल्यात निकाल द्यायला साध्या नागरिकांना बोलावतात ती. इथली, अमेरिकेची, सिटिझनशिप घेतल्यावर दोन वर्षांनी घरी पत्र आलं, अमुक दिवशी कोर्टात हजर व्हा. मी घाबरले, नवरा हसला. दिवसाला ५ डॉलर भत्ता! दिवसभर बसवून ठेवलं, संध्याकाळी एका वकिलाने मला विचारलं की घरात कुणी पोलीस आहे का, मी म्हटलं वडील, महाराष्ट्रात हवालदार होते, आणि थोड्या वेळाने मला थँक्यू म्हणून घरी पाठवलं. म्हणजे अण्णांमुळे माझी ज्युरी गेली. (आपल्याकडे नानावटी केसनंतर ज्युरी बंद झाली असं सगळे सांगतात, पण कायद्यातनं ती खऱ्या अर्थाने गेली १९७३ च्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत. हे मला इथे येऊन कळलं, ही गंमतच.) पण त्या एका दिवसात डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

मी सातारा जिल्ह्यातली, एसवायबीकॉमला असताना लग्न झालं आणि न्यू जर्सीला आले, त्यामुळे हातात बारावीचं सर्टिफिकेट आणि दोन मार्कशीट. फार्मसीच्या काउंटरवर नोकरी करत करत २०१९ ला कम्युनिटी कॉलेजला नाव घातलं. आपल्या लोकांना हे समजवायला सोपी गोष्ट आहे, डिप्लोमा करून पोरं इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयरला जातात ना, तसंच, फक्त इथे डायरेक्ट थर्ड इयर. असोसिएट म्हणजे साधारण ६० क्रेडिट, बॅचलर्स म्हणजे १२०. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात स्वस्तात करायची आणि उरलेली दोन युनिव्हर्सिटीत. कागदावर एकदम सरळ.

कागदावर. कारण असोसिएटमध्येही प्रकार आहेत आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एए (असोसिएट इन आर्ट्स) आणि एएस (असोसिएट इन सायन्स) ही पुढे शिकायचंय त्यांच्यासाठी, आणि एएएस, त्यातला जास्तीचा ए म्हणजे अप्लाइड, ती थेट नोकरीला लागायचंय त्यांच्यासाठी. न्यू जर्सीत २००७ चा एक कायदा आहे, लॅम्पिट लॉ म्हणतात, त्यानुसार इथल्या कम्युनिटी कॉलेजची एए किंवा एएस असेल तर राज्यातल्या सरकारी युनिव्हर्सिटीला ती पहिली दोन वर्षं म्हणून धरावीच लागते. एएएसला ते संरक्षण नाही. आणि मला अ‍ॅडव्हायझरने बसवलं होतं एएएसमध्ये! कॉलेजचं नाव घेत नाही, बाई चांगली होती, बहुतेक तिला वाटलं असेल की ही चाळिशीला आलेली बाई कशाला पुढे शिकतेय. दुसऱ्या सेमिस्टरला शेजारी बसणाऱ्या वीस वर्षांच्या पोराने लंच ब्रेकमध्ये मला हे सगळं टिश्यू पेपरवर लिहून समजावलं आणि मी त्याच आठवड्यात प्रोग्रॅम बदलला, तरी नऊ क्रेडिट वाया गेली ती गेलीच. तर कुणी वाचत असेल आणि आपलं मूल कम्युनिटी कॉलेजला घालणार असेल, तर आधी तो जास्तीचा ए बघा, आणि सरकारची एनजे ट्रान्सफर नावाची साइट आहे तिथे एकेक कोर्स टाकून बघा कुठे काय धरतात, कुणाच्या शब्दावर जाऊ नका. आणि अजून एक, क्रेडिट ट्रान्सफर झाली म्हणजे मेजरमध्ये, मुख्य विषयात, धरली असं नसतं. १२० मध्ये मोजतात, पण मेजरचे वरच्या लेव्हलचे कोर्स बहुतेक तिथेच करावे लागतात.

पैशाचं थोडक्यात, सिटिझन किंवा ग्रीन कार्ड असेल तर दरवर्षी फाफ्साचा, म्हणजे शिक्षणासाठीच्या सरकारी मदतीचा, फॉर्म भरा, उत्पन्नात बसत असाल तर पेल ग्रँट मिळते, ती परत फेडायची नसते. एच-फोरवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या नवरा-बायकोला मिळतो त्या व्हिसावर, शिकता येतं पण हे पैसे मिळत नाहीत. बास.

आता मूळ प्रश्न, असोसिएट झालं होतं की, मग पुढची दोन वर्षं कशाला. खरं सांगू, मलाही वाटलं होतं की तेच जरा जाड पुस्तकात असेल. असोसिएटमध्ये मी शिकले होते की काय कसं चालतं. अटक कशी होते, मिरांडा म्हणजे काय (१९६६ चा निकाल, चौकशीआधी आरोपीला गप्प राहायचा हक्क सांगावा लागतो तो), घराची झडती कधी घेता येते, गिडीअन नावाच्या गरीब कैद्याने तुरुंगातनं पेन्सिलीने अर्ज लिहिला आणि १९६३ पासून गरीब आरोपीला फेलनीच्या, म्हणजे गंभीर गुन्ह्याच्या, केसमध्ये वकील द्यावाच लागतो. पाठांतराला भरपूर, आणि पाठांतरात आपण कुणाला ऐकतो होय, मला ए मिळत गेले. मग युनिव्हर्सिटीत पहिल्याच सेमिस्टरला रिसर्च मेथड्स, म्हणजे संशोधन कसं करायचं ते. पहिल्या पेपरमध्ये मी लिहिलं, "गस्त वाढवली की गुन्हे कमी होतात." प्रोफेसरने त्याखाली लाल रेघ मारून एवढंच लिहिलं होतं, हाऊ डू यू नो? कशावरून?

मला राग आला. कशावरून म्हणजे काय, अण्णांनी अकरा वर्षं रात्रीची गस्त घातलीये, आधी कराडला मग फलटणला, पायी आणि सायकलवर, ठरलेल्या ठिकाणी वही टांगलेली असायची तिच्यात वेळ टाकून सही करायची आणि पुढे जायचं. थंडीत कानटोपी घालून निघायचे ते मला आठवतंय. एवढा माणूस उगीच चालत होता का?

तर मग कॅन्सस सिटी वाचायला लागलं. ऑक्टोबर १९७२ पासून वर्षभर तिथल्या पोलिसांनी शहराच्या दक्षिण भागात एक प्रयोग केला. १५ बीट, म्हणजे गस्तीचे भाग, घेतल्या, त्याचे पाच-पाचचे तीन गट. एका गटात नेहमीसारखी गस्त, एकात गाड्या दुप्पट-तिप्पट, आणि एकात गस्तच बंद, फक्त फोन आला तरच जायचं. आणि वर्षाच्या शेवटी काय निघालं, तर चोऱ्यामाऱ्या, लोकांची भीती, पोलिसांबद्दलचं मत, कशातच म्हणण्यासारखा फरक नाही. लोकांना गस्त वाढली का कमी झाली हेसुद्धा फारसं कळलं नव्हतं! १९७४ ला रिपोर्ट आला तेव्हा देशभरातले पोलीस चिडले होते, माझ्यासारखेच.

मी रविवारी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला, इकडे सकाळ तिकडे संध्याकाळ, आणि जरा भीत भीतच सांगितलं. अण्णा सगळं ऐकून घेतात, मधे बोलत नाहीत, ही पोलिसातली सवय. मग म्हणाले, "गस्त चोरासाठी नसते बाळा, पोलिसासाठी असते. झोपू नये म्हणून." आणि स्वतःच खोखो हसले. मग जरा थांबून म्हणाले, "ते गाडीत बसून फिरत होते ना? काचा वर करून?"

आता हे बघा, हा माणूस जुन्या अकरावी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आणि त्याने बरोबर तोच प्रश्न विचारला जो पुढच्या संशोधकांनी विचारला. आणि तो प्रयोग झाला इथेच, माझ्या घरापासनं अर्ध्या तासावर, न्यूअर्कला, १९७८-७९ मध्ये. तिथे गाडी नाही, पायी गस्त. काही बीटवर पायी पोलीस ठेवले, काहींवरून काढून घेतले. गुन्हे तसे तिथेही कमी झाले नाहीत, पण लोकांच्या लक्षात आलं की पोलीस चालतोय, त्यांची भीती कमी झाली, पोलिसांबद्दलचं मत सुधारलं. म्हणजे अण्णा चालत होते त्याने कराडातली चोरी थांबली का, कुणास ठाऊक. पण दुकान बंद करून रात्री घरी जाणारी बाई जरा सावकाश चालली असेल. हे मी पेपरमध्ये असं नाही लिहिलं, एपीए फॉरमॅटमध्ये, कॉलेजच्या पेपरच्या ठरलेल्या साच्यात, असं लिहिता येत नाही.

त्या सेमिस्टरनंतर हा कशावरूनचा रोगच जडला. स्टॅटिस्टिक्सने रडवलं, काय-स्क्वेअर आणि पी-व्हॅल्यू ही त्यातली गणितं मुलाकडून शिकले, तो तेव्हा दहावीत, तो मला म्हणायचा "आई, तू लक्षच देत नाहीयेस", माझंच वाक्य मला परत. पण मग डोमेस्टिक व्हायलन्सचा कोर्स आला आणि सगळं एकदम जागेवर बसलं.

१९८१-८२ मध्ये मिनियापोलिसला पोलिसांनी एक असा प्रयोग केला की ऐकून अंगावर काटा येतो. नवऱ्याने मारलंय म्हणून फोन आला की पोलिसाने काय करायचं हे त्याने स्वतः ठरवायचं नाही, त्याच्या रिपोर्टच्या वहीतल्या पुढच्या पानाच्या रंगावर ठरणार. एका रंगाला अटक, एकाला त्याला आठ तास घराबाहेर काढणं, एकाला समजावणं. लॉटरीच. पुढच्या सहा महिन्यांत पोलिसांच्या नोंदीत पुन्हा मारहाण, अटक केलेल्यांत १० टक्के, समजावलेल्यांत १९, बाहेर काढलेल्यांत २४. झालं, १९८४ ला हे छापून आलं आणि भराभर राज्यांनी अटक सक्तीची करायला सुरुवात केली. न्यू जर्सीतही आता अंगावर जखमेच्या खुणा दिसल्या तर पोलिसाला अटक करावीच लागते. मग हाच प्रयोग अजून पाच ठिकाणी केला, आणि तिथे एकसारखं काही येईना. मिलवॉकीला तर नोकरीवाल्या नवऱ्यांवर अटकेचा धाक बसला, पण बेकार नवरे अटकेनंतर उलट जास्त मारायला लागले.

मी हे वाचलं त्या रात्री झोप नाही आली. कारण आमच्या ओळखीतली एक बाई आहे, आपलीच, जिने कधीच ९११ ला, इथल्या पोलिसांच्या नंबरला, फोन केला नाही. व्हिसा नवऱ्याचा, अकाउंट नवऱ्याचं, तिला अटक हवी नव्हती, तिला मार थांबायला हवा होता. मी तेव्हा तिला "फोन कर ना, घाबरतेस कशाला" असं सहज म्हणून गेले होते, आणि त्या वाक्याची मला आता लाज वाटते. शेवटच्या वर्षाचा मोठा पेपर मी त्यावरच केला, न नोंदवलेले गुन्हे. पोलिसांच्या आकड्यात जे येतच नाही ते मोजायला इथे १९७३ पासून घरोघरी जाऊन विचारतात, तुमच्यावर काही गुन्हा झाला का, सांगितलात का, नाही तर का नाही. पण नवरा शेजारी बसलेला असताना ती बाई काय सांगणार, हा प्रश्न मी पेपरात विचारला आणि त्याला माझ्या सगळ्या डिग्रीतले सगळ्यात जास्त मार्क पडले. आपल्याकडच्या बायकांसाठी न्यू जर्सीत मानवी नावाची संस्था १९८५ पासून आहे, तिचा नंबर मी आता फार्मसीच्या काउंटरवर, बिलाच्या मशिनशेजारी चिकटवून ठेवलाय.

कोर्टात बसून बघायचंही होतं, चाळीस तास. न्यू जर्सीने १ जानेवारी २०१७ पासून पैशाचा जामीन जवळजवळ बंद केलाय. त्याआधी एका अभ्यासात निघालं होतं की इथल्या जेलमधले १२ टक्के लोक फक्त एवढ्यासाठी आत होते की त्यांच्याकडे अडीच हजार डॉलर किंवा त्याहून कमी जामिनाची रक्कम नव्हती. आता आरोपीला सोडायचं का हे ४८ तासांत ठरवावं लागतं, आणि त्याला सोडण्यात धोका किती हे बघायला नऊ गोष्टींवरून एक स्कोअर काढतात, वय, आधीच्या शिक्षा, आधी तारखेला गैरहजर राहिला का वगैरे. मला हे आवडलं, आणि तरी शंका आली, कारण आधीच्या शिक्षा बघायच्या म्हटलं की ज्या मोहल्ल्यात पोलीस जास्त फिरतात तिथल्या पोरांचा स्कोअर आपोआप वाढणार की नाही? परत कशावरून.

नोकरीचं म्हणाल तर, फेडरल प्रोबेशन ऑफिसर (तुरुंगाबाहेर देखरेखीखाली असलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणारा केंद्र सरकारचा अधिकारी), एफबीआय एजंट, यांना बॅचलर्स लागतेच, असोसिएटवर दार उघडत नाही. पण तिथे अजून एक अट असते जी कुणी जाहिरातीच्या वरच्या ओळीत लिहीत नाही, साधारण ३७ व्या वाढदिवसाच्या आत भरती व्हावं लागतं. माझं ते कधीच गेलं, मला कळलं तेव्हा तीन सेमिस्टर झाली होती! पण इथे प्रत्येक काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, सरकारी वकिलाच्या ऑफिसात पीडितांना मदत करणारा एक विभाग असतो, तिथे मराठी, हिंदी बोलणारी बाई लागतेच, मी अर्ज टाकलाय. पुढच्या बुधवारी इंटरव्ह्यू.

ग्रॅज्युएशनला अण्णा व्हिडिओवर होते, त्यांच्याकडे रात्र झालेली, तरी इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. मी टोपी दाखवली, गोंडा दाखवला. म्हणाले, "किती पडले?" मी म्हटलं ३.७. "शंभरपैकी सांग." आता चारपैकी असलेला जीपीए शंभरपैकी कसा सांगायचा. काहीतरी नव्वदच्या आसपास म्हणून सोडून दिलं.

नंतर कळलं की त्यांनी ती न्यूअर्कची गोष्ट रिटायर्ड पोलिसांच्या कट्ट्यावर सांगितलीये, आणि तिथनं माझ्यासाठी सगळ्यांच्या वतीने एक प्रश्न आलाय. काल रात्री व्हॉइस मेसेज आला, मागे दोन-तीन म्हाताऱ्यांचे आवाज. "बाळा, त्या न्यूअर्कच्या पोलिसांना चालायला बूट सरकार द्यायचं का गं, का आमच्यासारखे पदरचेच?"